मामाचा एक, आत्याचा एक आणि माझा प्रकल्प

आई, बाबा,

आपल्या घरात कुणाला नाही म्हणताच येत नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावलीय म्हणून विचारते: नातेवाइकाने दिलेली वस्तू आपण कधी नको म्हटलीय का? इओसेफोमामाने कॉम्प्युटरवर एक फुकटचा अँटिव्हायरस टाकला, फेतूआत्याने दुसरा. आता ते दोन्ही अँटिव्हायरस एकमेकांनाच चोर समजून धरतात! कॉम्प्युटरची गोगलगाय झालीय. काल तर माझा इतिहासाचा प्रकल्पच विषाणू समजून उडवला. तो पुन्हा लिहायला लवकर शाळेत जातेय.

बाबा, तुम्ही म्हणालात, "काढू नकोस गं, मामाला वाईट वाटेल." आणि मला?

दोन्ही काढून टाकलेत. कॉम्प्युटरमध्ये मुळातच एक असतो, तोच चालू केलाय. तो पुरतो. रविवारी चर्चनंतर सगळे जेवायला येतील, तेव्हा हे मीच सांगणार. तुम्ही खुशाल तारोचे उकडलेले कंद वाढत राहा.

लुपे