शांत वर्ग

४ जुलै
बावीस वर्षं या शाळेचा व्हरांडा झाडतेय. कोण चांगलं शिकवतं ते मला दाराबाहेरूनच कळतं. वर्गातून आवाज आला की शिकवणारा कच्चा. इतकं सोपं आहे. मिटिंगा कशाला घेतात कोण जाणे.

५ जुलै
दहावी ब, गणिताच्या बाई. आज पुन्हा गोंधळ. पोरं हसत होती, सगळ्यात मोठ्यानं माझी लेक. दहावीचं वर्ष आणि हसणं! शेजारी अ वर्गात गणिताचे सर. एक चिटपाखरू बोलेल तर शपथ.

८ जुलै
हेडसरांना सांगितलं, लेकीला अ मध्ये टाका. म्हणाले, मावशी, विचार करा. म्हटलं, झालाय करून, सही करा. ब वर्गात शिकवणं नाही, बाजार चालतो, हेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. माझं बोलणं पहिल्यांदाच कुणी लिहून घेतलं.

९ जुलै
लेक रडली. म्हणे, बाईंना काहीही विचारता येतं. म्हटलं, नीट ऐकलं की विचारावं लागत नाही.

२२ जुलै
पोर घरीही गप्प. आधी जेवतानासुद्धा टकळी चालू असायची. सरांचा गुण लागला.

२ ऑगस्ट
नखं खाते. एका बोटाला रक्त. वय आहे. उद्या कडुनिंब चोळायचा.

१९ ऑगस्ट
ब च्या बाईंना काढलं. तक्रार आली होती म्हणे. कुणाची, ते मी विचारलं नाही. कामं होती.

६ सप्टेंबर
गणिताची चाचणी. पेपरवर नाव, नंबर. खाली कोरा. म्हटलं, अडलं तर सरांना विचारायचं ना! म्हणाली, विचारायला उठलं की तास संपेपर्यंत उभंच ठेवतात. काल मी एकटीच उठले, बाकी आता कुणीच उठत नाही.
खोटं बोलत असेल. पण पाय सुजलेत तिचे.

७ सप्टेंबर, सकाळी
हेडसरांना म्हटलं, तिला ब मध्ये परत घ्या. म्हणाले, मावशी, ब लाही आता तेच सर आहेत.
ठीक. सरांनाच गाठते. मी कुणाच्या बापाला भीत नाही. काय बोलायचं ते पाठ केलंय.

७ सप्टेंबर, दुपारी
सर भेटले. चष्म्यावरून बघत म्हणाले, काय आहे?
म्हटलं, काही नाही सर. फळा पुसायला आले होते.