शामगाव घाटातली डावी खिडकी

मी, रसूल इमाम मुलाणी, वय वर्षे शहात्तर, धंदा गाड्यांच्या सीटांचं कुशनकाम (आता बंद), राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीनं, कुणाच्याही दबावाशिवाय आणि सकाळचा चहा पिऊन लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझा दोस्त आकाराम म्हणतो, "तो डागतर एकदा तुझ्या गाडीत बसवला पायजे, मग बघू काय लिहितोय." त्याची ही हरकत नोंदवून पुढं जातो.

वकिलांनी मला समजावलं ते असं. आमच्या कायद्यानं मला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं, तेही वारस नसलेल्यांच्या नावानं. वारसांचा वाटा आधीच ठरलेला आहे, त्यात मला बोट घालता येत नाही. म्हणून राहतं घर आणि बँकेतलं जे असेल ते मुलगा नईम आणि मुलगी सबीना यांना शरियतप्रमाणे जावं. फक्त माडीवरची पूर्वेची खिडकी मी विटांनी बुजवली आहे, ती उघडू नये. तिच्यातून हायवे दिसतो. तो चौपदरी झाला तेव्हा माझं दुकान त्याच्याखाली गेलं. त्याचा मला राग नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. राग आहे.

कलम १. कुशनचं पायमशीन, दोन्ही कात्र्या आणि वाकड्या सुयांचा डबा शेजारच्या शालूबाईंना द्यावा. त्या गोधड्या शिवतात. मशीनला दर शुक्रवारी तेल लागतं, नाहीतर ते रुसतं. तेवढं त्यांनी सांभाळावं.

कलम २. रस्त्यांची माझी वही आकारामला द्यावी. आकाराम म्हणजे फौजेतून हवालदार होऊन परत आलेला माझा शाळेपासूनचा सोबती. दरवर्षी मी त्याला म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला नेलं, आणि दरवर्षी तो घड्याळ बघत आला. "रसूल, लेका, तुझ्या गाडीतनं पलटण गेली असती तर लढाई संपल्यावर पोचली असती." वहीत पन्नास वर्षांचे आडरस्ते आहेत. कुठल्या चिंचेखाली दुपार थंड असते, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, माणदेशात मेंढरं रस्ता ओलांडताना इंजिन बंद करून किती वेळ बसावं, सगळं लिहिलंय. कोयनानगरच्या पानावर काहीच लिहिलेलं नाही. तिथं एका वळणावर ढग खिडकीतून आत आला आणि मागच्या सीटवर बसून पुढच्या गावापर्यंत आला. ते कसं लिहायचं मला सुचलं नाही. आकाराम, ते पान तसंच कोरं राहू दे.

कलम ३. पांढरी फियाट गाडी माझी नात मिस्बाह हिला द्यावी. ती नईमची मुलगी. बाप हयात असल्यामुळं ती माझी वारस होत नाही, म्हणून कायद्यानं चालतं. कुणी हरकत घेऊ नये. पोरी, तिसरा गिअर अडतो, त्याच्याशी भांडू नकोस, थोडं थांबून पुन्हा घाल. पन्नासच्या वर जाऊ नकोस. डावीकडची काच हातानं उचलावी लागते. पुढची सीट मी सलग शिवली आहे, मध्ये फट नाही, कारण तुझ्या आजीला माझ्या शेजारी टेकून बसायची सवय होती. ती सीट कापायची नाही. तुझा बाप गेली अकरा वर्षं या गाडीत बसलेला नाही. ईदला येतो, सलाम करतो, अंगणात बसतो आणि म्हणतो, "अब्बा, ती भंगारात घाला." आता ती तुझी आहे. त्याला तूच उत्तर दे.

कलम ४. माझा जनाजा सर्व्हिस रोडनं नेऊ नये. तारळी नदीच्या काठानं न्यावा. लांब पडतं हे मला माहीत आहे. मौलाना घाई करतील, त्यांना म्हणावं, थोडी पावलं जास्त पडली तर खांदे बदलायला माणसं पुष्कळ आहेत.

कलम ५. हे नईमसाठी. ही अट नाही, वारसाला अट घालता येत नाही. ही विनंती समजावी.

नईम, फेब्रुवारी २०१४. कराडच्या डॉक्टरांनी तुझ्या अम्मीला आजच्या आज सांगलीला न्यायला सांगितलं. तू सांगलीतच नोकरीला, दवाखान्याच्या दारात आमची वाट बघत उभा. हायवेनं दोन तासांत पोचलो असतो. मी मसूर, शामगाव घाट, विटा, तासगाव असा आलो. पाच तास लागले. विट्याच्या अलीकडं तिनं माझ्या खांद्यावर मान टेकली. मला वाटलं झोपली. दारात गाडी थांबली, तू तिला हात लावलास, आणि माझ्याआधी तुला कळलं. तू म्हणालास, "तुमच्या हौसेपायी अम्मी गेली." मी काही बोललो नाही.

आता बोलतो. त्या सकाळी मी गाडी हायवेकडं तोंड करून लावली होती. सुगरा बसली आणि म्हणाली, "आवं, घाटातनं घ्या. एकदा दवाखान्यात गेले की छत बघत पडायचंय. मला डोळं भरून बघू द्या." मी नाही म्हणालो. तिनं दार उघडून पाय बाहेर टाकला. "मग मी येत न्हाई." मी गाडी वळवली. ती चूक माझी. मला तिचं ऐकायची सवय होती, त्या दिवशी तरी मोडायला हवी होती. हायवेनं वाचली असती का? अल्ला जाणे. एक डॉक्टर हो म्हणाले, एक नाही म्हणाले.

तुला सांगितलं नाही, कारण तू तिच्यावर रागावला असतास आणि ती उत्तर द्यायला नव्हती. मी होतो. आता मीही नसेन, मग हा राग तू कुणावर काढणार बाबा?

घाटात तिसऱ्या वळणावर आम्ही थांबलो होतो. खाली शाळू कापणीला आला होता, पांगारा लालभडक फुलला होता. तिनं काच खाली सोडून हात बाहेर काढला. वारा बोटांतून जाऊ दिला. मग हसत म्हणाली, "नईम ल्हान हुता तवा बरोबर हितंच उलटी करायचा." ती शेवटची हसली ती तुझ्या आठवणीनं. हे माझ्याजवळ होतं, तुला द्यायचं राहिलं होतं. माझी चूक झाली, मला माफ कर.

एखाद्या जुम्म्याच्या नमाजानंतर मिस्बाहला गाडी चालवू दे. तू डावीकडं बस. तिसऱ्या वळणावर काच खाली सोड.

हे लिहिलेलं मी स्वतः वाचून, समजून, डोळे पुसून सही करत आहे.

ठिकाण : उंब्रज
दिनांक : १० जानेवारी २०२५, शुक्रवार

सही : रसूल इमाम मुलाणी

साक्षीदार १ : कृष्णात धनाजी माने, उंब्रज

साक्षीदार २ : आकाराम नाथाजी जाधव, निवृत्त हवालदार, उंब्रज
(सहीखाली, त्याच्या स्वतःच्या अक्षरात) रसूलची सही माझ्यासमोर झाली, खरी हाय. वैनी त्या दिवशी जे म्हणल्या ते बी खरं हाय. हायवेनं जा म्हणून सांगाय मी दारात उभा हुतो. मी ऐकलंय. नईम, अकरा वर्सं ह्यानं मला बोलू दिलं न्हाई.