उसन्या कपबश्या

१६ जानेवारी १९८६, बालाघाट

मशिनी मिळत नाहीत आता, हे मनाशी पक्कं केलेलं बरं. आमच्या शिवणवर्गात अकरा बायका आणि मशीन एकच, तीही सारखी धागा तोडते. म्हणून नागपूरच्या ट्रस्टकडे दोन मशिनींसाठी अर्ज केला होता. आज त्यांचे साहेब पाहणीला येऊन गेले.

पाहुणा येणार म्हणून कालपासून आमची धावपळ. पार्वताबाईने अंगण सारवलं. सगळ्याजणी ठेवणीतली लुगडी नेसून आल्या. मी शेजारच्या वकिलीणबाईंकडून निळ्या फुलांच्या कपबश्या मागून आणल्या. साहेबांनी चहा घेतला, बशी उलटून पाहिली आणि म्हणाले, "छान चाललंय की तुमचं! आम्हाला खरे गरजू शोधावे लागतात हो." मशिनीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

कपबश्या उसन्या आहेत, हे तेव्हाच का नाही सांगितलं मी? लाज वाटली. पण कशाची? पाहुण्याला फुटक्या कपात चहा कोण देतं? त्यांच्या घरी देतात का?

ते गेल्यावर पार्वताबाई त्याच निळ्या बश्या विसळत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "बाई, पुढच्या खेपेले फाटकं नेसून येऊ काय?"

मी तिच्यावर रागवायला हवं होतं. मी म्हणाले, "हौ."