कलशातलं पाणी

पुणे

तीर्थरूप बाबा, जाईचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते, आईला सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? सिद्धेश्वरहून पूजेला पूर्णेचं पाणी आणायला आता धाकट्या श्रेयसला पाठवत जा.

आमच्या नव्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा आराखडा मंजूर झाला. शहरात जागा नाही, म्हणून मी त्यात टाक्या एकावर एक चार मजले रचल्या आहेत. घाण पाणी एकदा वर चढवलं की मजल्यामजल्यानं साफ होत खाली येतं.

काल भूमिपूजन होतं. गुरुजी आलेच नाहीत, तेव्हा पुजाऱ्याची लेक म्हणून साहेबांनी मलाच बसवलं. कलशावर हात ठेवला आणि सहज विचारलं, पाणी कुठलं? जुन्या केंद्रावरचे सोनाजीकाका, आपल्या वारंगा फाट्याचे, म्हणाले, "आपल्याच केंद्राच्या शेवटच्या टाकीतलं, साफ झालेलं हाय, ताई. काहून, चालत न्हाई का?"

त्यांनी कलश घासून लख्ख केला होता. मी पाणी बदललं नाही. सातही नद्यांची नावं घेतली, आठवं पूर्णेचं.

मागच्या खेपेला मी आंघोळ करून देवघराशी आले, तरी सांडपाण्यात काम करते म्हणून तुम्ही मला पुन्हा आंघोळीला पाठवलंत.

आता माझं चुकलं असेल तर प्रायश्चित्त सांगा, करीन. पण आधी ते पाणी डोळ्यांनी बघा. दिवाळीला येताना बाटली भरून आणते आहे.

तुमची,
जाई