त्याचा डोळा, माझे गुडघे

६ मे, दुपार
रोमला पोचलो. मी, माझा म्हातारा सावेरिओ आणि नात ऑर्नेल्ला. मी सांगते, ती लिहिते.
म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा नवस बोलले होते : दृष्टी आली तर रोमला जाऊन, येशू चढला म्हणतात त्या पवित्र जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या गुडघ्यांवर चढेन. तिथे पाऊल टेकवायचं नसतं. दृष्टी आली. इतकी आली, की सूपमधला केस त्याला दारातूनच दिसतो.
शेजारची इम्माकोलाता गेल्या वर्षी चढली, तीनदा थांबून. मी थांबणार नाही.
गुडघे उत्तम. ट्रेनमधून उतरताना दोघांनी धरलं, ते त्यांच्या समाधानासाठी.

७ मे, सकाळ
प्लॅन : गुडघे जिन्यासाठी राखायचे. आज चालणं बंद.

७ मे, संध्याकाळ
कलोसियम पाहिलं. ऑर्नेल्ला म्हणाली, आजी, इथवर येऊन बाहेरूनच? मोठं आहे, पण छप्पर नाही. पायऱ्या उंच. त्या काळी माणसांचे पाय लांब असावेत. दोन तास एकाच दगडावर बसून पाहिलं. नीट पाहायचं तर बसूनच पाहावं.
उजवा गुडघा सुजलाय. कालच्या हॅममध्ये मीठ फार होतं.

८ मे
स्पॅनिश पायऱ्यांवर प्रॅक्टिस. पाचवीवर जरा टेकले, तर पोलीसबाईने शिट्टी फुंकली. इथे बसायला मनाई आहे. मी सांगितलं, बाई, मी बसले नाही, तयारी करतेय. तिने हात देऊन उठवलं. मुलगी चांगली आहे, गैरसमज फार.
सावेरिओ म्हणाला, पवित्र जिन्याच्या शेजारचा साधा जिना पायी चढलीस तरी चालतं. दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. नवसात शेजारचं काही नव्हतं.

९ मे, सकाळी आठ
आज. दोन कॉफ्या, भरपूर बाम.

९ मे, दुपार
अकरा.
पहिल्या सहा भराभर. सातवीवर थांबले, मागच्यांना प्रार्थनेला वेळ मिळावा म्हणून. अकरावीवर गुडघे संपले. वर जाता येईना, खाली येता येईना. मागे अख्खी रांग गुडघ्यांवर खोळंबलेली. कोणी कुरकुरलं असतं तर बरं वाटलं असतं. सगळे माझ्यासाठीच प्रार्थना करू लागले. फार राग आला.
म्हातारा मागून सरकत कानाशी आला.
"डोळा माझा आहे, रोझाल्बा. उरलेल्या सतरा मला दे."
"घे," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
दोन नन्सनी धरून मला खाली आणलं. तो चढला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, कुठे थांबला नाही. मी खालून मोजत होते. शेवटच्या दोन मोजायच्या राहिल्या, डोळ्यांत बाम गेला होता.

९ मे, संध्याकाळ
नवस फिटला. अकरा आणि सतरा, अठ्ठावीसच होतात.
जेवायला बसलोय. टेबलावरच्या अनोळखी लोकांना म्हातारा आपली चढण सांगतोय. माझ्या अकरा एका वाक्यात उरकल्या. सूप गार झालं, तो अजून चौदाव्या पायरीवर आहे.