झाकलेली बादली

सोमवार, ३
आले बाई एकदाची नव्या नोकरीवर! जुना बंगला दुरुस्त करून केलेलं आरोग्यनिवास आहे. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, नवे नळ, जिन्याला ताजं पॉलिश. पाहुण्यांनी दारातच फोन द्यायचा आणि आठवडाभर मौन पाळायचं. मला स्वतंत्र खोली दिलीय, खिडकीतून बाग दिसते. मॅनेजरबाईंनी पद्धत सांगितली. पाहुणे बोलत नाहीत, म्हणून उद्या कुणाकडून मालिश हवी त्याची चिठ्ठी ते जेवताना फळ्यावर लावतात. जिला चिठ्ठ्या नाहीत, तिला इथे काम नाही. मी हसले. बारा वर्षं मालिश करतेय, या हातांना कुणी नावं ठेवलेली नाहीत.

बुधवार, ५
ताईंना अकरा चिठ्ठ्या. मला दोन. ताई म्हणजे इथली जुनी मालिशवाली. काडीसारखी बाई, बोटं वाकडी, मुठी कायम आवळलेल्या. हाताला ना जोर ना ताल! तरी पाठीत वाकून आलेल्या हेडमास्तरीणबाई हिच्या टेबलावरून उठल्या आणि ताठ चालत गेल्या. माझ्या पोटात दुखलं. स्वतःच्याच वहीत खोटं कशाला लिहू?

गुरुवार, ६
एक गोष्ट हेरली. मालिशनंतर आम्ही सगळ्या नळाखाली हात धुतो. ताई मात्र मागच्या खोलीत एका पत्र्याच्या बादलीत बुडवतात. ते पाणी कधी ओतत नाहीत, वर झाकण ठेवतात. मी नुसती डोकावले तर म्हणाल्या, काहीही कर गं, पण या पाण्यात हात घालू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची! आपली खुबी दडवायची आणि वर आम्हाला उपदेश. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

शुक्रवार, ७
ताई जेवायला बसल्या, मी मागे शिरले. झाकण काढून दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. पाणी कोमट होतं, जरा जड. एवढंच. उगीच बाऊ केला होता.

रविवार, ९
तेरा चिठ्ठ्या, सगळ्या माझ्या! हात लावायच्या आधीच कळतं कुठे दुखतंय, बोटं आपली आपण तिथे जातात. ताईंना एकही नाही. वाटलं होतं, रडतील. कसलं काय! पायरीवर उन्हात बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. मुठी सुटलेल्या, बोटं सरळ. जिंकले मी, आणि जळफळाटही माझाच.

मंगळवार, ११
काल हेडमास्तरीणबाईंची पाठ चोळली, ती कळ आता माझ्या मनगटात आहे. धुऊन जात नाही. कप धरवेना. ताईंकडे गेले तर त्या बॅग भरत होत्या. शांतपणे सांगितलं की दुखणं या हातांना ओढून घेतं, ते संपेपर्यंत हात सोडत नाहीत. रोज त्या पाण्यात बुडवलेस तर गप्प राहतील. सुटका एकच, दुसरीने कुणी हेव्यापोटी, आपणहून हात घालणं. त्यांनीही नऊ वर्षांपूर्वी आधीच्या बाईवर जळून असेच घातले होते. मग मला अडवलंत कशाला, असं मी विचारलं. म्हणाल्या, अडवलं नसतं तर घातले असतेस का?

बुधवार, १२
ताई गेल्या. मी हिच्या उष्ट्या पाण्यात रोज हात बुडवू? रागाच्या भरात बादली मोरीत पालथी केली. मग घाबरले. नळाचं पाणी भरून दोन तास बुडवून बसले. काही उपयोग नाही. काहीच नाही.

गुरुवार, १३
आज पाहुण्यांपैकी वकीलसाहेबांचा दुखरा खांदा. सोडा म्हणाले. मौन मोडून ओरडले— हात सुटेनात. मी खेचतेय, ते सुटेनात— कट्ट आवाज आला. मग ते ओरडायचे थांबले.
मॅनेजरबाईंनी मला खोलीत घालून बाहेरून कडी लावलीय.

दुपार
काही दुखायला नको. काहीही दुखायला नको मला. इथे दुसरं कुणी नाही—
भीतीने मान आखडलीय. माझी. हातांना कळलंय.
उजव्याला पेन दिलंय. लिहितोय तोवर थांबेल. काहीही लिहीन— ताई, या ना परत— चिठ्ठ्या तुमच्या, सगळ्या तुमच्या, मला नकोत—
डावा उठला.
मानेवर हळू फिरतोय. आई गं, किती छान हात आहे हा. अगदी बरोब—