हातावरचा मासा

२ फेब्रुवारी
ठरलं. दुसरा टॅटू करायचा. पहिला कॉलेजात असताना केला होता, खांद्याच्या मागे, गरुड. पुढे खांदा सुटला आणि त्याबरोबर गरुडही. बायको त्याला कोंबडी म्हणते. मला तो दिसत नाही, त्यामुळे माझ्यापुरता तो गरुडच आहे.
या वेळी घाई नाही. अभ्यास करून करायचा. टॅटूवरचे इतके व्हिडिओ पाहिलेत की आता लोकांचे क्लास घेऊ शकेन.

४ फेब्रुवारी, सकाळी
विषय मिळाला! फ्रिजच्या दारावर लटकलेला मासा. आमच्या मुंगीनं काढलेला. पोरगी तेव्हा पाचची होती. आता नऊची आहे आणि पाण्याला घाबरते. २२ मार्चला तिच्या स्विमिंगची टेस्ट आहे. खोल बाजूला उडी मारायची आणि पोहत पलीकडच्या काठाला लागायचं. कोच मॅडम म्हणाल्या, घाबरणाऱ्या मुलांच्या आईबाबांपैकी एकानं पाण्यात थांबलं तरी चालेल. मी तिथल्या तिथे मुंगीला शब्द दिला. तू उडी मार, मी खाली असतो. तिनं विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. तिनं परत विचारलं. परत सांगितलं.
तर प्लॅन असा. टेस्टच्या दिवशी शर्ट काढणार आणि हातावर तिचाच मासा! भीती कुठल्या कुठे पळणार. तोवर घरात कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. बाप असावा तर असा, असं तिथल्या इतर पालकांना वाटलं तर माझा नाइलाज आहे.

९ फेब्रुवारी
स्टुडिओ पाहून आलो. चपलांच्या दुकानाच्या वरचा मजला. आर्टिस्ट म्हणजे पंचविशीतली बाई, मानेवर साप, हातात वेफर्सची पुडी. मला काका म्हणाली. दुर्लक्ष केलं.
चित्र पाहून म्हणाली, भारी आहे, जसंच्या तसं करू. मी म्हटलं, छे, सुधारावं लागेल. मासा बटाट्यासारखा झालाय. खवले हवेत, शेडिंग हवं. शेपटीची दोन टोकं फताडी आहेत, ती टोकदार करा. आणि पाठीवर हा गोळा कसला आलाय, तो उडवा. ती म्हणाली, पंख असेल. मी म्हटलं, माशाचा पंख असा नसतो. तिनं खांदे उडवले आणि आयपॅडवरून गोळा पुसला. बोटं वेफर्सची होती.
१५ तारीख घेतली. टेस्टच्या चांगली महिनाभर आधी. याला म्हणतात नियोजन.

१४ फेब्रुवारी
पुढे ढकललं. डोळा पटत नाही. मुंगीचा मासा हसतोय, आणि हसरा मासा माझ्या वयाला शोभत नाही. करारी नजर हवी.

१ मार्च
परत ढकललं. खवल्यांचा आकार. आर्टिस्टबाई फोनवर म्हणाली, काका, तुम्ही एकदा काय ते ठरवा. घाईत केलं की काय होतं ते माझ्या खांद्यामागे आहे. तिला कोंबडी दाखवायला हवी होती.

१४ मार्च
झाला!! डावा हात, मनगटाच्या वर, आतल्या बाजूला. दुखलं नाही. म्हणजे फार नाही. एकदा डोळ्यांतून पाणी आलं ते लाइटमुळे.
एका मुद्द्यावर वाद झाला. बाई म्हणाली, टॅटू बघणाऱ्याकडे तोंड करून काढतात, हात खाली सोडला की लोकांना सरळ दिसला पाहिजे. सगळे तसाच काढतात. मी म्हटलं, हात माझा, मासा माझा, मला सरळ दिसला पाहिजे. एक टॅटू आधीच लोकांसाठी काढून बसलोय, तो मला दिसतच नाही. शेवटी ती म्हणाली, तुमची मर्जी. जिंकलो.
निघताना तिनं सूचना दिल्या. बिनवासाचा साबण, क्रीम अगदी पातळ, खाजवायचं नाही, उन्हात न्यायचा नाही आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवायचा नाही. स्विमिंग पूलचं तर नावच नको.
मला हसू आलं. माझी कातडी फार लवकर भरते. दाढी करताना कापलं तर संध्याकाळी जागासुद्धा सापडत नाही.

१५ मार्च
चादरीवर काळा डाग. बायकोनं विचारलं. पेन फुटलं म्हणालो. तिनं विचारलं, पेन घेऊन झोपतोस? हो म्हणालो. यापुढे पेन घेऊन झोपावं लागणार.

१७ मार्च
शोरूममध्ये आज प्रसंग आला. पडद्यांचं दुकान, त्यामुळे दिवसभर हात वर. शिडीवर चढून एका बाईंना पांढरा पडदा उलगडून दाखवत होतो. उकाड्यात फुल बाह्या. क्रीम जरा सढळ लावलेलं. (पातळ थर लावून कातडीचं काय भलं होणार?) बाही सरकली आणि पडद्याला हात लागला. बाई म्हणाल्या, अहो, यावर हे काय? मी म्हटलं, डिझाइन आहे. त्या म्हणाल्या, एकाच ठिकाणी? साहेब काउंटरवरून बघत होते. तो पीस मी घरी आणला. बाथरूमच्या खिडकीला होईल.

१९ मार्च
खाज. देवा, काय ती खाज. खाजवायचं नाही, थापटायचं, असं व्हिडिओत आहे. थापटतोय. शोरूममधला जोडीदार विचारतो, डास आहेत का. मोजपट्टीच्या कडेनं एकदाच, अगदी हळू, घासलं. त्याला खाजवणं म्हणत नाहीत.
एक खपली निघाली. खाली खवला नव्हता. म्हणजे जागा होती, खवला नव्हता.
आर्टिस्टबाईला फोन केला. शनिवारी अर्धा तास पूलमध्ये उतरलो तर? ती म्हणाली, काका, शाई जाईल, वर जखम पिकेल. मग मासा विसरा.
जेवताना मुंगीनं विचारलं, बाबा, तू टोपी कुठली घालणार, निळी का काळी? निळी म्हणालो.
उपाय सुचलाय. कान. कानात इन्फेक्शन असलं की पाण्यात उतरता येत नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे. कोणाचा दोष नाही. कानाचा.

२० मार्च
बायकोचा मामेभाऊ कानाचा डॉक्टर आहे, हे मी विसरलो कसा? त्यानं दोन्ही कानांत बॅटरी घालून पाहिलं आणि म्हणाला, दाजी, एवढे स्वच्छ कान मी या वर्षात पाहिले नाहीत. मी म्हटलं, खोलवर दुखतंय. तो म्हणाला, किती खोलवर? बायको शेजारी उभी. नाक मुठीत धरून घरी आलो.
तरी मुंगीला सांगितलं की दुखतोय. माझी निळी टोपी तिनं बॅगेत भरली होती, ती काढून ठेवली.

२२ मार्च, दुपारी
लिहून टाकतो.
मी बाकावर होतो. फुल बाह्यांचा शर्ट, कानात कापूस. मुंगी खोल बाजूच्या काठावर, पायाची बोटं आत वळवून. आधीची मुलं धडाधड उड्या मारून गेली. हिची पाळी आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाण्याकडे बोट दाखवलं. जिथे मी असणार होतो तिथे. मी कानाला हात लावला. तिनं मान हलवली, म्हणजे हो, माहीत आहे. मग ती तिथेच उभी राहिली. कोच मॅडमनी शिट्टी वाजवली. परत वाजवली. मागची मुलं कुजबुजायला लागली. मॅडमनी तिला हळूच बाजूला घेतलं.
मला बाही वर करून सांगता आलं असतं. कपड्यांसकट उडी मारता आली असती. मासा गेला असता तर गेला असता. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहितो, कारण हे दुसरं कोणी वाचणार नाही. शेडिंग खराब होईल. हे आलं मनात.
ती टॉवेल गुंडाळून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, फार दुखतोय का रे? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ मार्च, संध्याकाळी
मुंगीनं आईकडून इस्त्री गरम करून घेतली, रुमाल शेकला आणि माझ्या कानाला लावला. हात अवघडला की बदलायची. मी नको म्हणालो नाही. नको म्हणायला तोंड होतं कुठे?

२३ मार्च
बायकोनं बाही वर केली. मी झोपेत होतो असं तिला वाटलं, मी नव्हतो. बराच वेळ बघत राहिली. मग बाही खाली केली, बटणसुद्धा लावलं. सकाळी चहा देताना एवढंच म्हणाली, मुंगीला तू सांगायचंस. मी सांगणार नाही.
सांगणार आहे. पूर्ण भरला की. अर्धवट मासा दाखवून तिला आणखी धक्का कशाला द्यायचा? तिचाच विचार करतोय.

२९ मार्च
कातडी सुटतेय. राखाडी पापुद्रे. खवल्यांपैकी बरेच गेले, करारी डोळा पुसट झालाय आणि आता मासा जरा चक्रावलेला दिसतो. तरी लांबून छान आहे.
आज शोरूममध्ये बाही दुमडली. जोडीदार समोर उभा होता. म्हणाला, मेलेला मासा का काढलास? मी म्हटलं, मेलेला कुठे? तो म्हणाला, पोट वर करून पडलाय की. त्याच्या बाजूनं वाकून बघितलं. खरंय. माझ्याखेरीज साऱ्या जगाला तो मेलेला दिसणार.
बाही परत खाली घेतली. उकाडा आहेच.

३ एप्रिल
नवा निश्चय. टेस्ट परत १२ तारखेला आहे असं मॅडमनी कळवलंय. तोपर्यंत हात पूर्ण बरा. मी पाण्यात, मासा पाण्यात, मुंगी पाण्यात. सगळं भरून निघेल. निळी टोपी शोधून ठेवली.

५ एप्रिल
टेस्ट झाली. आजच.
मी शोरूममध्ये होतो. मुंगी तिच्या मावशीबरोबर नुसती सरावाला गेली होती. मॅडम म्हणाल्या, देतेस का आज? ही हो म्हणाली. मारली उडी. पलीकडे लागली. मावशीला पोहता येत नाही, ती काठावर पर्स धरून उभी होती. पाण्यात कोणीच नव्हतं.
घरी आल्यावर मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, वाटली. मग? म्हणाली, मागच्या वेळी तू येशील येशील असं वाटत होतं. आज कोणी येणार नाही हे माहीत होतं. मग सोपं गेलं.
तिला टोमणा मारता येत नाही. अजून नऊचीच आहे. तिनं सरळ सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

६ एप्रिल
सांगितलं. सगळं. कान, कापूस, डॉक्टर, सगळं. बाही वर केली आणि म्हटलं, बघ, हा तुझा मासा आहे.
ती रागावली नाही. रागावायला हवी होती, मी तयारी करून बसलो होतो. तिनं हात दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. म्हणाली, हे माझं चित्र? म्हटलं, हो, फ्रिजवरचं, थोडं सुधारून. ती स्वयंपाकघरात गेली, चुंबक काढून चित्र घेऊन आली आणि शेजारी धरलं.
म्हणाली, बाबा, हा मासा नाहीये. हा तू आहेस. पोहतोयस. हे तुझे पाय.
फताडी शेपटी. ते पाय होते. हसत होतो मी त्यात.
मग तिनं हातावर बोट ठेवलं, माशाच्या पाठीवर, जिथे मी सगळं गुळगुळीत करून घेतलं होतं. म्हणाली, आणि मी कुठे गेले?
मला कळेना. तिनं चित्रातला गोळा दाखवला. म्हणाली, ही मी, तुझ्या पाठीवर.
मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. खिडकीला तो डागाचा पडदा. बायकोनं दार वाजवलं नाही.

७ एप्रिल
आर्टिस्टबाईला फोन केला. ती म्हणाली, गोळा टाकता येईल काका, पण कातडी अजून कच्ची आहे, महिनाभर थांबा. मागे काहीतरी कुरकुर वाजत होतं. वेफर्स असावेत.
मुंगीला सांगितलं, महिनाभर थांब. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. नक्की? असंही विचारलं नाही. अभ्यासाचं बॉलपेन घेतलं, समोर बसली, माझा हात टेबलावर ओढला आणि स्वतःच गोळा काढला. तिच्या बाजूनं मासा उलटा, त्यामुळे वरची बाजू म्हणजे त्याचं पोट. गोळा पोटावर आला. म्हटलं, अगं, पाठ इकडे आहे. ती म्हणाली, असू दे. तू उताणा तरंगतोयस आणि मी वर बसलेय.
अंघोळ करताना डावा हात पाण्याबाहेर उंच धरून ठेवला. साबण नाही, क्रीम नाही, खाजवलं नाही. बाईनं दिलेल्या सगळ्या सूचना पहिल्यांदाच पाळल्या.
तरी संध्याकाळपर्यंत गोळा घामानं पुसला गेला. नुसता निळा फराटा उरलाय.
उद्या परत काढून मागेन. नाही म्हणणार नाही ती. मलाच मागायची लाज वाटतेय.